रोमचे सोने आणि नहपानाचा चेहरा

रोमन साम्राज्याच्या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. ऑगस्टसच्या काळात त्याचे वजन जवळपास 8 ग्रॅम होते, इ.स. 64 मध्ये नीरोने ते सुमारे 7.3 ग्रॅमवर आणले. दर्शनी बाजूस सम्राटाचे मस्तक आणि भोवती त्याच्या पदव्या असत. मागे देवता, विजयचिन्ह किंवा वारसदार. ऑगस्टसच्या एका नाण्यावर गायस आणि लूशियस हे त्याचे दत्तक पुत्र ढाली-भाले घेऊन उभे आहेत. सत्ता पुढे कोणाकडे जाणार, हे त्या नाण्याने साऱ्या साम्राज्यात कळवले.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा मिळे. तेथे पैठण आणि तेरहून माल येई. कल्याणहून घाटावर येणारी वाट नाणेघाटातून जुन्नरला पोहोचे. तरीही दक्षिण भारतात सापडले तसे ऑरियसचे मोठे साठे महाराष्ट्रात मिळालेले नाहीत. तेर येथे मात्र रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती आढळल्या आहेत. परक्या राजाचे मुख येथे अलंकार झाले होते.

नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखात 35 कार्षापणांना (चांदीच्या नाण्यांना) 1 सुवर्ण असा दर दिला आहे. हे सुवर्ण रोमन की कुषाण, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. कार्ल्याच्या भिक्षुसंघाला त्याने गाव दान दिले. जुन्नरच्या लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे. म्हणजे आजच्या पुणे जिल्ह्याचा बराचसा मुलूख नहपानाच्या अमलाखाली होता.

नहपानाने आपला चेहरा चांदीवर उमटवला. घडण इंडो-ग्रीक नाण्यांच्या वळणाची. मुखाभोवती ग्रीक अक्षरांत त्याचे नाव, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. दख्खनमध्ये तोवर सातवाहनांच्या नाण्यांवर हत्ती, वृक्ष, उज्जैन चिन्ह असे. राजा दिसत नसे. त्यामुळे हा बदल साधा नव्हता.

या बदलाचे राजकीय मोल नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने अचूक ओळखले. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले नाव, चैत्य आणि उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकलेले आहे. चांदी आटवून नवी नाणी पाडता आली असती. पण पराभूत राजाच्या मुखावर आपली मुद्रा उमटवण्यात विजयाची जी घोषणा होती, ती आटवण्यात नव्हती. दख्खनच्या इतिहासात इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

पुढे सातवाहनांनीही स्वतःची मुखे असलेली चांदीची नाणी काढली. त्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषेतील लेख असे. यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले.