बुजलेले बंदर

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तेव्हापासून मी त्या वाटेने अनेकदा गेलो आहे. एकदा कठड्याशी उभा राहून खाडीचा विस्तार पाहत होतो. शेजारच्या वृद्ध कोळ्याला म्हणालो, "केवढं हे पाणी!" ते हसले. "हे नुसतं वरचं. सुकतीला आत जाऊन बघा, म्हणजे तळ किती वर आलाय ते कळंल." त्यानंतर मी वाशिष्ठीचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचू लागलो.

पुस्तकांत दाभोळ भेटते ते वैभवशाली बंदर म्हणून. बहामनी काळात इथे घोड्यांचा व्यापार चाले. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथूनच परतीच्या जहाजात बसला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले. दाभोळ तेव्हाच संपले, असा आपला समज असतो. पण बंदर पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात, आदिलशाहीत बांधलेली तिथली देखणी मशीद आजही किनाऱ्यावर आहे. जाळलेले बंदर माणसे पुन्हा उभारतात. बुजलेल्या बंदराचे तसे नसते.

ते पाहायचे तर खाडीतून चाळीसेक किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटला जावे लागते. कुंभार्ली घाटातून उतरणारा माल इथे नावांत चढे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आगबोटी दाभोळला येत आणि लहान नावा भरतीच्या पाण्यावर गोवळकोटपर्यंत चढत. आज तो व्यापार उरलेला नाही. रस्ते आले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पाण्याखाली आहे.

कोकणच्या खाड्या म्हणजे मुळात नद्यांची बुडालेली खोरी. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. हिमयुग सरले, पाणी चढले आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन थबकले. तेव्हापासून नदी ही खोरी गाळाने भरते आहे. पावसाळ्यात सह्याद्रीची माती खाली येते. गोडे पाणी खाऱ्याला भेटले की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यावर खाजण तयार होते, कांदळ रुजते, त्याची मुळे आणखी गाळ धरतात. मुखाशी लाटा वाळू आणून टाकतात. दाभोळच्या मुखाला अंजनवेलच्या कातळाचा आधार आहे. मालवणजवळ देवबागला, कर्ली नदीच्या मुखाशी, तो नाही. तिथे वाळूची बेटे वर येतात आणि शेजारची जमीन समुद्रात जाते.

म्हणजे खाडी बुजणे हा निसर्गाचाच क्रम आहे. वेग मात्र आपण वाढवला. डोंगर उघडे केले, उतार खणले. १९६२ पासून कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणीही वाशिष्ठीत येते. उन्हाळ्यातही नदी वाहती राहिल्याने खारे आणि गोडे पाणी भेटण्याची जागा पूर्वीची राहिली नाही.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. पाऊस अफाट होता, त्यात भरतीची वेळ. वरून येणाऱ्या लोंढ्याला समुद्राकडे जायला वाट हवी होती आणि पात्र गाळाने उथळ झालेले होते. घरे, दुकाने गेली, माणसेही गेली. त्याच डिसेंबरात चिपळूणकरांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले, आणि मग यंत्रे नदीत उतरली. ते काम आवश्यकच होते. पण डोंगरावरची माती डोंगरावर राहिली नाही, तर उपसलेली जागा पुढचे पावसाळे भरून काढणारच.

पुढे मी खरोखरच सुकतीला गोवळकोटला गेलो. जिथे नावा लागत, तिथे कडेचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे चालत होते. एक बाई कालवे वेचत होत्या. मी विचारले, "पाणी कधी चढेल?" वर न पाहता त्या म्हणाल्या, "चढंल की. त्याला जागा कुठं ठेवलीय, ते बघा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)