कल्याणला उतरायचं की पुढे जायचं?

साल १८९३. तुम्ही आसनगावच्या फलाटावर उभे आहात. शहापुरातून पायीच आलात. काखेत वळकटी, कनवटीला मामाने दिलेले रुपये. मॅट्रिक पास झालात, आणि आजोबांनी ही बातमी अख्ख्या पेठेला दोनदा सांगून झाली आहे. घरात जमीन आहे, जात वरची आहे, म्हणून तुम्ही इथवर आलात. माहुली गडाच्या पायथ्याचा ठाकराचा पोर या फलाटावर येतो तो मोळी विकायला. मुलींना मुंबई विद्यापीठाने १८८३ सालीच दार उघडलंय खरं, पण शहापूरच्या मुलीला त्या दारापर्यंत नेणार कोण?

गाडी येते. खिडकीशी बसू नका, कोळशाची कुसळं डोळ्यांत जातात. कल्याणला बराच वेळ खोळंबा होतो. इथून पुण्याचा फाटा फुटतो. तिकडे फर्ग्युसन निघून आठ वर्षं झालीत, आणि शेजारचे गृहस्थ तुम्हाला तिकडेच धाडायला निघाले आहेत. ठाण्यात याच वर्षी मराठी ग्रंथसंग्रहालय निघतंय, हेही तेच सांगतात. तुम्ही नुसती मान हलवता. मुंबई ठरलेली आहे. गेल्या वर्षी तानसा धरण पुरं झालं, तेव्हा तुमच्या तालुक्याचं पाणीसुद्धा तुमच्या आधी तिथे पोचलंय.

बोरीबंदरचं नवं स्टेशन बांधून पाचच वर्षं झालीत. तिथून दक्षिणेला चालत गेलात की राजाबाई टॉवर दिसतो, २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला आणि आईचं नाव लावलं. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ ते हेच, पण इथे वर्ग शोधू नका. विद्यापीठ परीक्षा घेतं आणि पदव्या देतं. शिकायचं एल्फिन्स्टनला, झेवियर्सला, नाहीतर चौपाटीवरच्या विल्सनला.

कॉलेज शहरातलं हवं की शहराबाहेरचं, हे तुम्हाला कोणी विचारत नाही. रोज आसनगावला परतणं शक्यच नाही, त्यामुळे गिरगावच्या चाळीत लांबच्या काकांच्या खोलीबाहेर, गॅलरीत तुमची वळकटी पडते. जेवण खानावळीत. ढेकूण आहेत, संडासाला रांग आहे. पण कॉलेज सुटलं तरी तुम्ही शहरातच असता. संध्याकाळी व्याख्यानाला जाता, मित्राच्या खोलीवर वाद घालता. भाद्रपदात जवळच केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतो, तोही पाहून येता. यातलं काहीच परीक्षेला येणार नाही. पण पुढे आयुष्यभर तुम्ही जे बोलाल, त्यातलं निम्मं या संध्याकाळींतून आलेलं असेल.

एकोणऐंशी वर्षं ओलांडा. आता १९७२, गाव मुरबाड तालुक्यात, पार टोकावड्याकडे. रात्री आलेली मुक्कामी एसटी देवळापुढे उभी आहे. कंडक्टर तोंडावर पाणी मारतो, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो, आणि तुम्ही फडक्यात बांधलेली भाकरी सांभाळत दुधाच्या कॅनांमधून वाट काढता. मुरबाडला रेल्वे नाही. (आजही नाही. निवडणूक जवळ आली की तेवढी गाडी सुटते.) तेव्हा कल्याण गाठायचं ते एसटीनेच.

कल्याणला याच वर्षी बिर्ला कॉलेज सुरू झालंय. ठाण्याचं बांदोडकर १९६९चं. वडीलधारे खूश आहेत. खोलीचं भाडं वाचलं, खानावळ वाचली, पोरगा रात्री घरच्या भाताला हजर. पदवी तीच, मुंबई विद्यापीठाची. मग मुंबईला जायचं कशाला?

हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. शेवटचा तास संपतो तेव्हा एकांकिकेची तालीम सुरू होत असते. मराठीचे सर म्हणतात, ‘थांब जरा, एक पुस्तक देतो.’ तुमची नजर घड्याळावर. कल्याणहून मुरबाडची गाडी चुकली तर पुढे गावाकडची शेवटची एसटी चुकते, आणि मग रात्र स्टँडच्या बाकावर. पावसाळ्यात उल्हास फुगली की रायत्याचा पूल बंद होतो, मग कॉलेजलाही आपोआप सुट्टी. एवढ्या वर्षांत तुम्ही वर्ग पाहिलेत आणि एसटी पाहिलीत. या दोहोंच्या मधे कॉलेज नावाचं जे काही असतं, ते स्टँडजवळ खोली घेऊन राहिलेल्या पोरांनी पाहिलं.

पदवीनंतर एम.ए.ला जाता तोवर विद्यापीठाचे बरेच विभाग फोर्टमधून कलिन्याला, विद्यानगरीत गेलेत. फोर्टची सवय असलेले मुंबईकर नाकं मुरडतात. कुठे तो टॉवर, फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं, चार पावलांवरची जहांगीर आर्ट गॅलरी, आणि कुठे हे दोनशेहून जास्त एकरांचं गवत! तुम्हाला हसू येतं. त्यांचा वनवास तुमच्या वाटेवर आहे. कल्याणहून येणाऱ्याला कुर्ला बोरीबंदरच्या पंधरा किलोमीटर अलीकडे लागतं. उतरा, बस धरा, पोचलात. शहराच्या टोकाला ढकललेलं विद्यापीठ खेड्यातल्या पोराला जवळ येतं, हे हलवणाऱ्यांच्या मनात असेलच असं नाही. पण फुटपाथवरची पुस्तकं मात्र कलिन्याला आली नाहीत, हेही खरंच.

आता २०११कडे एक धावती नजर टाका, कारण दृश्य मजेशीर आहे. सकाळी आसनगावला कसारा लोकल रिकामी होते. पाठीवर सॅक, कानात हेडफोन, हातात ड्रॉइंगची नळी, अशी डोंबिवली-उल्हासनगरची पोरं उतरतात. शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, सापगाव या भागांत इंजिनीअरिंग कॉलेजं उभी राहिली आहेत. जागा मोकळी, शहरापेक्षा स्वस्त, आणि रेल्वे हाताशी. समोरच्या फलाटावर तुम्ही कल्याणच्या गाडीसाठी ताटकळता. शहरातली मुलं शिकायला तुमच्या गावी येतात आणि तुम्ही शिकायला त्यांच्या गावी जाता. दोघांचेही तास प्रवासात जातात.

२०२५चा पावसाळा. या खेपेला तुम्ही माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या ठाकर मुलगी आहात, बारावी झालेल्या. तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ५ जूनला त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर सलग झाले. भावाच्या मोटरसायकलला त्यावर मनाई आहे. तुमच्यासाठी अजून तोच आसनगावपर्यंतचा टमटम आणि तीच कसारा लोकल, जी एक चुकली की पुढचीसाठी तासभरही थांबावं लागतं.

गुणवत्ता यादी लागायला आणि भाताची लावणी सुरू व्हायला मुहूर्त एकच. तुम्ही गुडघाभर चिखलात उभ्या आहात, एका हातात आवणाची मूठ, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. पर्याय आता खूप आहेत. शहापुरातच सोनुभाऊ बसवंत कॉलेज आहे. तिकडे मुरबाडकरांना शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप कॉलेज. कल्याणला बिर्ला, मग ठाणे, मग मुंबई. मावशी म्हणते कल्याण घे, ना फार लांब ना फार जवळ.

मला विचाराल तर विषय सगळीकडे मिळत असताना कल्याण शेवटी लिहा. वाईट म्हणून नाही. रोजच्या जाण्यायेण्याचं म्हणून. मुंबई-ठाण्यात हॉस्टेलची खाट मिळत असेल तर ते पहिलं. नसेल तर सरळ शहापूर, म्हणजे दुपारनंतरचे तास तुमचे राहतील, अभ्यासाला, वाचनालयाला, हवं तर स्पर्धा परीक्षेला. इमारत, हिरवळ, नाव, हे सगळं त्यानंतर. चार तास गाडीत उभं राहून गाठलेल्या नामांकित कॉलेजात तुम्ही पाहुण्याच असता.

आई बांधापलीकडून विचारते, ‘हॉस्टेलात रात्रीचं जेवण देतात ना?’

जेवणाची सोय होते. आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६पासून ‘स्वयम’ योजना आहे. राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात, कधी वेळेवर, कधी नाही. फक्त एक लक्षात ठेवा. वसतिगृहाचा अर्ज आदिवासी विकास विभागाकडे वेगळा भरावा लागतो. कॉलेजला प्रवेश झाला म्हणजे खाट मिळाली असं नाही. उद्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जाणारच आहात, तर जातीच्या दाखल्याच्या आणि मार्कशीटच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून आणा.