जिलेबी, झेंडू आणि जमाखर्च

१९६२ साली मुंबईच्या खेतवाडीतले एक सनदी लेखापाल बडोद्याला राहायला आले. वय अठ्ठावीस. हातात पोट भरण्यापुरती उत्तम पदवी, आणि डोक्यात चित्रकलेचं वेड. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन थोडं रंगकाम शिकलेलं, त्यापलीकडे चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. चित्रकार-कवी गुलाममोहम्मद शेख यांनी ‘बडोद्याला या’ असा आग्रह धरला होता. तो त्यांनी मानला आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात नाव घातलं, तेही कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. पुढे कित्येक वर्षं त्यांनी बडोद्यातल्या एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहिले आणि उरलेला वेळ चित्रांना दिला. हे भूपेन खख्खर. विसाव्या शतकातल्या भारतीय चित्रकलेचा इतिहास आज त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट होतं, जहांगीर आर्ट गॅलरी होती, चित्रं विकत घेणारी माणसंही होती. तरी एका हौशी माणसाला चित्रकार व्हायला बडोदं मानवलं. त्याचं कारण शोधायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि राजवाड्याच्या दरवाजाऐवजी वाड्याच्या परसातून आत शिरावं लागतं.

रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून पाहिला तर पुण्या-नाशकाकडचा वाटावा असा लाकडी खांबा-तुळयांचा. आतल्या भिंती मात्र चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे आणि या सगळ्याला धरून ठेवणारी वेलबुट्टी आहे. ज्यांनी ती काढली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण एक गोष्ट या भिंती स्वच्छ सांगतात. बडोद्याच्या मराठी घरात चित्र हे देवघर, माजघर आणि ओसरी यांच्या शेजारी, रोजच्या वावरातच होतं.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव यांची कारकीर्द सुरू झाली आणि या शहरात चित्रांचं वारं वेगळ्या दिशेनं वाहू लागलं. दिवाण सर टी. माधवराव हे मूळ तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोरची दिवाणगिरी करून ते १८७५ साली बडोद्यात आले आणि त्यांच्यामागोमाग त्रावणकोरचे राजा रविवर्मा यांचं नावही आलं. रविवर्म्यांनी बडोद्यासाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रं प्रसिद्धच आहेत, त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. कलेचा इतिहास सांगणारे बडोद्याची गोष्ट बहुधा इथूनच सुरू करतात. राजाश्रय होता म्हणून कला फुलली, असा त्याचा मथितार्थ. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. राजवाड्यात लावलेलं चित्र सामान्य माणसाच्या नजरेला रोज पडत नाही. रोज पडते ती बाग, आणि रोज पडतो तो बाजार.

कमाटी बाग, म्हणजेच आजची सयाजी बाग, विश्वामित्रीच्या काठावर १८७९ साली लोकांसाठी खुली झाली. शंभराहून अधिक एकर जागा शहराच्या ऐन मध्याजवळ, आणि तिथं जायला कुणाची परवानगी नको. त्याच बागेत १८९४ साली संग्रहालय उभं राहिलं. पुढे त्याला लागून चित्रवीथी बांधली गेली. तिच्यासाठी युरोपीय तैलचित्रं निवडण्याचं काम लंडनचे कलासमीक्षक मॅरिअन स्पीलमन यांनी केलं. मधे महायुद्ध आलं, आणि १९२१ साली ती चित्रवीथी उघडली. म्हणजे बडोद्याचा शाळकरी मुलगा रविवारी बागेत भेळ खायला गेला तर परतताना युरोपातलं तैलचित्र आणि राजस्थानी लघुचित्र एकाच इमारतीत पाहून घरी येऊ शकत होता. त्या काळी हिंदुस्थानात किती शहरांतल्या मुलांना हे मिळत होतं?

बागेची जोपासनाही हौसेवर सोडलेली नव्हती. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगल १८९३ साली बडोदा संस्थानच्या बागांसाठी आले आणि दीड दशकाच्या आसपास इथे राहिले. पुढे म्हैसूरकरांनी त्यांना बंगळूरला नेलं. लालबागेमुळे त्यांचं नाव तिकडे जास्त घेतलं जातं, पण हिंदुस्थानातली माती त्यांनी पहिल्यांदा हाताळली ती बडोद्यात.

त्याच सुमाराला आजव्याच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. पाणीपुरवठ्याचं श्रेय देताना लोक आरोग्याचं बोलतात, ते बरोबरच आहे. पण त्या पाण्यानं परसही बदलले. विहिरीचं पाणी शेंदून झाडांना घालणं वेगळं आणि नळाखाली घागर लावणं वेगळं. मोरीचं सांडपाणी पाटानं अळूच्या खाचरात, तिथून केळीच्या बुडाशी, आणि उरलं तर कर्दळीला, ही मराठी वाड्यांची जुनीच तजवीज. पाणी मुबलक झालं की अळूची पानं सुपाएवढी होतात. शेजारच्या गुजराती घरात त्यांचा पात्रा होतो, आपल्याकडे अळूवडी. बेसन, चिंच, गूळ तेच, मसाल्याचा हात तेवढा निराळा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत हे दोन्ही वास एकाच दुपारी एकाच बोळात येत.

१९०६ साली, सयाजीरावांच्या कारभाराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, खंडेराव मंडई उभी राहिली. कमानी, घुमट आणि मोठ्या दारांची ती इमारत एखाद्या कचेरीला शोभावी अशी. ती बांधली भाजीपाला आणि फुलांसाठी. या एका निर्णयाचं मोल कलेच्या इतिहासात धरायला हवं. ज्या शहरात भाजी विकण्याची जागा इतकी देखणी असते, तिथं वांग्याचा जांभळा रंग आणि कारल्याचा हिरवा रंग पाहण्याजोगा आहे, हे सांगायला वेगळा शिक्षक लागत नाही.

चित्रं काढण्याचं शिक्षणही संस्थानानं हस्तव्यवसायाला जोडून दिलं. १८९० साली कलाभवन सुरू झालं. त्याचे सूत्रधार त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ, कापड रंगवण्याच्या रंगांचे जाणकार. त्यामुळे कलाभवनात रंग हा प्रयोगशाळेतून आणि रंगाऱ्याच्या हौदातूनही शिकला जाई. जे. जे.मधून आलेले धुंडिराज गोविंद फाळके इथंच तैलरंग, जलरंग, वास्तुकला आणि छायाचित्रण शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ करणाऱ्या दादासाहेबांचा हात बडोद्यात तयार झाला, याचा मराठी माणसानं अभिमान धरायला हरकत नाही.

रंग शिकवणारा इथला आणखी एक शिक्षक म्हणजे ऋतू. आता शरदाकडे वळू. युरोपातल्या चित्रांत शरद म्हणजे तांबडी-पिवळी पानगळ. बडोद्यात कडुनिंब आणि पिंपळ पानं टाकतात ती फाल्गुनाच्या आसपास. इथला शरद धुतलेला, हिरवा आणि उजेडाचा. विश्वामित्रीचं गढूळ पाणी ओसरलेलं असतं, पारिजातकाचा सडा पहाटे अंगणात पडतो, सीताफळं डोळे उघडू लागतात, शिंगाड्यांच्या पाट्या रस्त्यावर बसतात. आणि मंडईत झेंडू येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेराव मंडईच्या परिसरात केशरी आणि पिवळा असे दोनच रंग उरतात.

नवरात्रात घरातली सर्वांत छोटी बाग लागते. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधे घट बसवायचा आणि रोज ओंजळभर पाणी शिंपडायचं. देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, म्हणून अंकुर शेतातल्यासारखे हिरवेगार होत नाहीत. ते पिवळट, लिंबाच्या सालीच्या रंगाचे आणि समईच्या ज्योतीकडे झुकलेले वाढतात. टोकाला तेवढी हिरवी छटा. गुजराती घरांत हेच जवारा म्हणून पेरतात आणि शेजारी छिद्रं पाडलेल्या मातीच्या घड्यात दिवा ठेवतात, तो गरबो. ज्यानं कधी हातात कुंचला धरला आहे त्याला या दोन्ही गोष्टींत दिसतं ते एकच: अंधारातून येणारा पिवळा रंग.

मग येते आश्विनातली पौर्णिमा. मराठी घरात कोजागिरीचं आटीव केशरी दूध, गुजराती घरात शरद पूनमचे थंड दूध-पोहे. दोन्ही भांडी चांदण्यात ठेवायची. गच्ची बहुधा एकच.

घरातलं हे रंगाचं आणि चवीचं शेजारपण पुढे विद्यापीठातही आलं. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, १९५० साली ललित कला विद्याशाखा. कुलगुरू हंसा मेहता यांनी त्याच सुमाराला गृहविज्ञानाचीही विद्याशाखा काढली. अन्न आणि पोषण हा तिथला पदवीचा विषय. एकाच विद्यापीठानं चित्राला आणि स्वयंपाकाला बरोबरीनं अभ्यासाचा मान दिला, ही बाब फारशी कुणी जोडून सांगत नाही. ललित कला शाखेला जागा मिळाली ती पुष्पबागेत. इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे तिथं शिकवायला आले. पायातला काटा काढणाऱ्या बाईचं ‘काटा’ हे त्यांचं चित्र १९५५ साली राष्ट्रीय पुरस्काराला पात्र ठरलं. शांतिनिकेतनहून आलेल्या के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६१ पासून फाइन आर्ट्सची जत्रा भरवायला लावली. विद्यार्थी-शिक्षकांनी हातानं केलेली खेळणी आणि वस्तू शहरातल्या लोकांनी येऊन घ्यायच्या. ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन खेड्यांत गेले आणि बायकांनी अंगणात, भिंतीवर काढलेल्या रांगोळ्या-मांडणे टिपत राहिले. या शाखेचा नवरात्रातला गरबाही नाव कमावून आहे. प्राध्यापक आणि हौशी माणूस यांच्यामधली भिंत या मंडळींनी खाली आणली होती.

अशा शहरात खख्खर आले.

त्यांचं पहिलं प्रदर्शन १९६५ साली जहांगीरमध्ये झालं. त्यात कॅलेंडरावरच्या देवादिकांची छापील चित्रं कापून चिकटवलेली होती. पुढे त्यांच्या नजरेत आली बडोद्यातली छोटी दुकानं. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डिलक्स टेलर्स’ ही दोन्ही चित्रं १९७२ ची. घड्याळजी, शिंपी, न्हावी, कारकून अशी माणसं तोवर भारतीय आधुनिक चित्रात अशा मानानं बसलेली नव्हती. त्याच दशकात त्यांनी जिलेबी खाणारा माणूस रंगवला. एका चित्रात प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ हातात धरलेला माणूस आहे आणि त्याच्या भोवती लहान लहान प्रसंग. मित्रांसोबत ते ज्या रेसिडेन्सी बंगल्यात राहत, त्याच्यावरही त्यांचं चित्र आहे.

या काळातली त्यांची झाडं निरखून पाहावीत. एकेक पान वेगळं, वहीतल्या एकेका नोंदीसारखं नेटकं. त्यांना आवडणारे फ्रेंच चित्रकार आंरी रुसो हेही नोकरदारच. पॅरिसच्या जकातीत काम करायचे आणि सुट्टीच्या वेळात चित्रं काढायचे. रुसोंची जंगलं प्रसिद्ध आहेत, पण ते फ्रान्सबाहेर कधी गेले नाहीत. पॅरिसच्या वनस्पतीउद्यानातली झाडं पाहून त्यांनी ती जंगलं रचली. शिकलेल्या चित्रकारानं जिथं चार फटकाऱ्यांत झाड संपवलं असतं, तिथं हौशी माणूस प्रत्येक पान मोजत बसतो. खख्खर यांनी ही सवय कमीपणा मानून टाकून दिली नाही. तीच त्यांची ताकद ठरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या ‘कंपनी शैली’ची चित्रं आणि बाजारातली छापील चित्रंही त्यांनी त्याच आस्थेनं अभ्यासली.

१९७६ नंतर ते युरोपात गेले, इटलीतली जुनी भित्तिचित्रं पाहिली, १९७९ साली इंग्लंडमध्ये शिकवलं. १९८१ साली ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र झालं. सज्जात उभा असलेला उघडा माणूस खाली पाहतो आहे, आणि खाली बापलेक नि गाढवाची गोष्ट घडते आहे. हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यातच त्यांचं निधन झालं. २०१६ साली टेट मॉडर्ननं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते याच चित्राच्या नावानं.

बडोद्याला जाणारा मराठी प्रवासी लक्ष्मी विलास राजवाडा पाहून, सेव-उसळ खाऊन, भाकरवडी आणि लीलो चिवडा बांधून परततो. शरदात जाणं झालं तर त्यानं एक सकाळ खंडेराव मंडईसाठी आणि एक दुपार सयाजी बागेतल्या संग्रहालयासाठी राखावी. आणि तांबेकर वाड्याला जाणं पुढे ढकलू नये. वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तरी भिंतींवरचे रंग झिजत चालले आहेत.