प्रभातचे कारभारी दामलेमामा

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्ण्याला थांबली म्हणजे फलाटावर दोन भाषा एकदमच कानी पडतात. सौंसरच्या बाजारातही तेच. संत्र्यांचा सौदा मराठीत ठरतो, कचेरीतला अर्ज हिंदीत लिहिला जातो, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र आपल्या मराठी बोलणाऱ्या दक्षिण भागासह मध्यप्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. अशा मुलखातील श्रोत्यांपुढे पुण्याच्या एका चित्रपटसंस्थेची, आणि त्या संस्थेच्या एका अबोल कारभाऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. येथल्यासारखा दुभाषी प्रेक्षक या संस्थेच्या व्यवहारात पहिल्या बोलपटापासूनच धरलेला होता.

विष्णु गोविंद दामले हे त्या कारभाऱ्यांचे नाव. जन्म १४ ऑक्टोबर १८९२, पेण येथे. 'संत तुकाराम' या चित्रपटाचे एक दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु दिग्दर्शन हा त्यांच्या कर्तृत्वाचा लहान भाग होता असे माझे मत आहे. त्यांचे मोठे काम संस्था उभी करण्याचे आणि ती चालती ठेवण्याचे होते. नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या इतिहासात असल्या कामाला जागा थोडीच मिळते. जमाखर्च, यंत्रे, माणसांचे पगार आणि वेळापत्रक यांचे पोवाडे कोण गाणार?

दामले तरुणपणी कोल्हापुरास आनंदराव पेंटर यांच्या हाताखाली पडदे रंगविण्याचे काम शिकले. आनंदराव आणि त्यांचे बंधू बाबूराव या दोघांनाही चित्रपटाचे वेड लागले होते. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी ते वेड पुढे नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे येथल्या येथेच कॅमेरा जुळविण्याचा जो खटाटोप झाला, त्यात दामल्यांचा हात होता. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पुढे ज्या माणसाने लाखांचे व्यवहार पाहिले त्याची सुरुवात कानसा आणि स्क्रू यांच्यापासून झाली होती. यंत्र बिघडले तर काम किती दिवस अडेल हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

याच कंपनीत त्यांना जन्माचा जोडीदार मिळाला, तो म्हणजे एस. फत्तेलाल. कंपनीतली मंडळी एकाला दामलेमामा म्हणत आणि दुसऱ्याला साहेबमामा. एक ब्राह्मण, एक मुसलमान, दोघेही चित्रकार; आणि दोघांच्या कामात सीमारेषा कोठे आहे हे बाहेरच्याला कधी कळले नाही. १९२८ साली या जोडीने तेथेच 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. यांपैकी कुलकर्णी हे पैशाचे पाठबळ देणारे, आणि बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. धनिकाने संस्था काढावयाची आणि कारागिरांनी त्याच्याकडे चाकरी करावयाची, ही त्या काळची रीत. येथे कारागीरच मालक झाले. धायबरांनी कॅमेरा सांभाळावा, फत्तेलालांनी कलाविभाग पाहावा, शांतारामांनी चित्रपट दिग्दर्शित करावे आणि दामल्यांनी यंत्रे, रसायनशाळा व पुढे ध्वनिमुद्रण पाहावे, अशी ही वाटणी होती.

प्रारंभी मूकपट झाले. नंतर बोलपट आला, आणि मूकपटाला कधी न पडलेला एक प्रश्न त्याच्याबरोबर आला: कोणत्या भाषेत बोलावयाचे? मूकपटाच्या पाट्या बदलल्या की तो पेशावरलाही चाले आणि बेळगावलाही. बोलपटाला मात्र भाषेची वेस आडवी आली. प्रभातचे उत्तर १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या पहिल्या बोलपटातच दिसते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचा हा चित्रपट मराठीत झाला आणि हिंदीतही झाला. एकच देखावा, तेच कपडे, तेच दिवे. एक प्रवेश मराठीत घ्यावयाचा आणि लगेच तोच हिंदीत. ऐकावयास हे सोपे वाटते. पण यात फिल्म दुप्पट लागते, नटांना दोन भाषांतील संवाद पाठ असावे लागतात, आणि ध्वनी टिपणाऱ्याला दोन्ही वेळा तितकेच दक्ष राहावे लागते. हा जास्तीचा खर्च भरून निघेल किंवा नाही, हा निर्णय कलेचा कमी आणि कारभाराचा अधिक होता. पुढे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी' अशा जोड्या याच वाटेने निघाल्या. 'शेजारी'त केशवराव दाते यांनी केलेले काम हिंदी 'पडोसी'त मजहर खान यांनी केले.

आता पांढुर्णा-सौंसरच्या बाजूने याचा विचार करून पाहा. त्या काळी फिल्मच्या पेट्या आगगाडीने गावोगाव फिरत. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी देशाचे जे विभाग पाडले होते त्यांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा एक विभाग होता, आणि त्यात दोन्ही भाषांचा प्रेक्षक एकाच तंबूत, एकाच सतरंजीवर बसत असे. अशा गावी चित्रगृहवाल्याने कोणती प्रत मागवावी? शेतकऱ्याच्या घरची मंडळी यावयाची असतील तर मराठी, गाडीच्या वाटेवरचा परका प्रवासी यावयाचा असेल तर हिंदी. प्रभातकडे त्याच्यासाठी दोन्ही होत्या.

१९३३ साली संस्था कोल्हापूर सोडून पुण्यास आली. मुंबईची चित्रगृहे आणि वितरक यांच्याशी रोजचा संबंध ठेवावयाचा तर कोल्हापूर दूर पडत होते, आणि बोलपटाला भरवशाची वीज व बंदिस्त जागा हवी होती. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर जो स्टुडिओ उभा राहिला त्यात रसायनशाळा, सुतारकाम, कपडेपट, संकलन असे सगळे एका आवारात होते. नटापासून झाडूवाल्यापर्यंत सर्वजण दरमहा पगारावर. सकाळी ठरल्या वेळी यावयाचे आणि काम नसले तरी आवारात असावयाचे. कलावंताला हे जाचक वाटे आणि त्याबद्दल कुरकुरही होई, पण चित्रपट वेळेवर पुरे होत.

या शिस्तीचे उत्तम फळ म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम'. हा एकच चित्रपट दामले-फत्तेलालांनी केवळ मराठीत काढला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तुकोबांचे अभंग हिंदीत बोलवावयाचे नाहीत, एवढे साधे कारण असावे असे मला वाटते. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर एके काळी स्त्रीभूमिका केलेले. जिजाईच्या भूमिकेत गौरी, ही कोणी नामवंत नटी नव्हे, प्रभातमध्येच साध्या कामावर असलेली बाई. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर प्रत्यक्ष तुकोबांचाच म्हणून लोकांनी मानला. मुंबईत हा चित्रपट ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या आणि वैकुंठीचे विमान ही दृश्ये पडद्यावर खरी वाटावीत यासाठी जी यांत्रिक करामत लागली, तिच्यामागे कानसा चालविणारे तेच जुने हात होते.

भागीदारी मात्र टिकली नाही. धायबर आधीच गेले होते. १९४२ साली शांतारामही बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. संस्थेचे सर्वांत मोठे नाव गेले, त्याच्यामागे काही माणसेही गेली, आणि स्टुडिओ, पगारपत्रक व अपुरी कामे दामल्यांच्या पदरात राहिली. त्यांनी वितरक बाबूराव पै यांच्यासह गाडा ओढला. १९४४ चा 'रामशास्त्री' हे या पर्वाचे काम. या चित्रपटाच्या दिग्दर्शनाची सूत्रे एकाहून अधिक हातांतून गेली आणि शेवटी गजानन जागीरदारांनी ते पुरे केले. पडद्यावर त्या हातबदलाची खूण दिसत नाही. मला विचाराल तर दामल्यांच्या कारभाराचा हाच सर्वांत चांगला दाखला आहे, जरी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव दिग्दर्शक म्हणून नाही. तोपर्यंत त्यांची प्रकृती ढासळली होती. ५ जुलै १९४५ रोजी ते वारले.

पुढची हकीकत लहान आहे. १९४६ च्या 'हम एक है' मधून देव आनंद हा तरुण नट पुढे आला. नृत्यदिग्दर्शनाच्या खात्यात गुरुदत्त नावाचा आणखी एक तरुण नोकरीस होता. अशी माणसे ओळखण्याची नजर अजून संस्थेत होती, पण त्यांना धरून ठेवील असा कोणी उरला नव्हता. १९५० नंतर थोड्याच वर्षांत प्रभात बंद पडली. १९६० साली त्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. प्रभातचे चित्रपट विखुरले होते. ते दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी पुन्हा मिळविले आणि चित्रगृहांतून पुन्हा दाखविले. २००३ साली आवारातील साठवणीच्या खोल्यांना आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, पण तोपर्यंत 'संत तुकाराम'च्या प्रती इतरत्र पोचलेल्या होत्या.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून पुसला गेला त्यालाही आता किती वर्षे झाली. चित्रपटाच्या व्यापारात मात्र विभागाचे नाव 'सी. पी. बेरार' असेच चालत राहिले.