'तोकाइ' : एका द्राक्षजातीच्या नामांतराचा इतिहास

इटलीच्या ईशान्य सीमेवरील फ्रिउली प्रदेशात पांढऱ्या मद्यासाठी लावली जाणारी एक द्राक्षजाती पिढ्यानुपिढ्या 'तोकाइ फ्रिउलानो' या नावाने ओळखली जात होती. ३१ मार्च २००७ या दिवशी ते नाव वापरण्याची मुदत संपली. वेल तीच राहिली, टेकड्या त्याच राहिल्या, मद्याची रुचीही पालटली नाही. लोपले ते केवळ नाव. एखाद्या शब्दावर हक्क कोणाचा, जेथे तो जन्मला त्या स्थळाचा की ज्यांच्या तोंडी तो रुळला त्या लोकांचा, हा प्रश्न या नामांतराच्या मुळाशी आहे. म्हणूनच त्याचा इतिहास केवळ कृषिशास्त्राचा विषय राहत नाही.

'तोकॉय' हे मुळात हंगेरीतील एका गावाचे नाव होय. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमावरील या गावावरून सभोवतालच्या मद्यप्रदेशालाही तेच नाव पडले. १७३७ मध्ये राजाज्ञेने त्या प्रदेशाच्या सीमा निश्चित करण्यात आल्या. तेथील विख्यात 'आसू' मद्य वेलीवरच एका विशिष्ट बुरशीने सुकलेल्या द्राक्षांपासून होते व ते गोड असते. त्यातील प्रमुख द्राक्षजाती 'फुर्मिंट' ही होय. उलटपक्षी फ्रिउलीचे मद्य गोड नसते, आणि त्याच्या अखेरीस कडू बदामाची किंचित चव जिभेवर राहते. दोन्ही मद्यांत नामसादृश्यापलीकडे साम्य असे फारसे नाही.

तथापि हे सादृश्य आकस्मिक नसून मूळ वेल फ्रिउलीतूनच हंगेरीस गेली, असे प्रतिपादन फ्रिउलीत दीर्घकाळ केले जात असे. त्यास आधार म्हणून १६३२ मधील एका विवाहाचा दाखला देण्यात येई. फ्रिउलीतील फोर्मेंतिनी घराण्यातील अउरोरा हिचा विवाह हंगेरीतील सरदार आदाम बाथ्यानी याच्याशी झाला व तिच्या स्त्रीधनात तोकाइच्या तीनशे वेली होत्या, अशी ही परंपरा आहे. याच घराण्याच्या नावावरून 'फुर्मिंट' हा शब्द सिद्ध झाला, अशी व्युत्पत्तीही तिला जोडण्यात आली. विवाह ऐतिहासिक आहे. परंतु व्युत्पत्ती कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. 'फुर्मिंट' हे नाव त्या विवाहापूर्वीच्या नोंदींतच हंगेरीत आढळते. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा आरंभ असू शकेल, पुरावा नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वनस्पतींच्या आनुवंशिक परीक्षणाने या वादाचा उरलेला भागही निकालात काढला. फ्रिउलीची तोकाइ ही फ्रान्समधील 'सोव्हिन्योनास' या जातीहून भिन्न नाही, असे ठरले. फुर्मिंटशी तिची एकरूपता नाही. हीच वेल चिलीमध्ये अनेक वर्षे 'सोव्हिन्याँ ब्लाँ' समजून लावली जात होती. म्हणजे एका ठिकाणी परक्या गावाचे, तर दुसऱ्या ठिकाणी परक्या जातीचे नाव तिच्या वाट्यास आले.

तोकॉयच्या नावाचा असा संचार फ्रिउलीपुरता मर्यादित नव्हता. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात 'पिनो ग्री'ला, ऑस्ट्रेलियातील रदरग्लेन येथे 'मस्कादेल'ला, तर इटलीच्याच व्हेनेतो प्रांतात 'ग्रनाश' या काळ्या द्राक्षाला हे नाव लाभले होते. परस्परांशी काहीही नाते नसलेल्या इतक्या जाती एकच नाव धारण करतात, तेव्हा ते नाव वेलीबरोबर प्रवास करीत नसून कीर्तीबरोबर करीत असते, असा निष्कर्ष काढावा लागतो.

१९९३ मध्ये युरोपीय समुदाय व हंगेरी यांच्यात मद्यनामांच्या संरक्षणाचा करार झाला व इटलीच्या उत्पादकांना तेरा वर्षांची मुदत देण्यात आली. पुढे फ्रिउली-व्हेनेत्सिया जुलिया या स्वायत्त प्रदेशाने इटलीच्या कृषिमंत्रालयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले आणि १२ मे २००५ रोजी निर्णय झाला. उच्चारसाम्य असलेली दोन नावे एकत्र नांदू शकतात, हे तत्त्व उत्पादकांनी पुढे केले होते. न्यायालयाने ते येथे लागू मानले नाही. कारण हंगेरीचे नाव स्थलवाचक आहे, तर 'तोकाइ' हे केवळ जातिवाचक. मद्य विकण्याचे सर्व मार्ग बंद होत नसल्याने मालमत्तेच्या हक्काचा भंग होतो, हेही मान्य झाले नाही. स्थलनाम व जातिनाम हा व्याकरणातील भेद येथे हजारो बाटल्यांचे भवितव्य ठरवून गेला.

यानंतरची नामकरणे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. फ्रिउलीत विशेष्य गळाले व 'फ्रिउलानो', म्हणजे 'फ्रिउलीचा', हे विशेषणच नाम झाले. व्हेनेतोमध्ये शब्दाचा मध्य गाळून 'ताइ' एवढेच ठेवण्यात आले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या सीमारेषेने या द्राक्षटेकड्या दुभंगल्या होत्या. कोल्लिओ इटलीत राहिले, तर ब्रदा युगोस्लाव्हियात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात गेले. पलीकडील स्लोव्हेन शेतकऱ्यास 'फ्रिउलीचा' हे नाव आपले कसे वाटावे? तेथील काही उत्पादकांनी, व त्यांच्यासारख्याच इटलीतील काहींनी, 'तोकाय'ची रोमन अक्षरे उलट क्रमाने मांडून 'याकोत' हा शब्द घडविला. कायद्याने पुसलेले नाव वाचकाला उलट बाजूने वाचता येईल, अशी ही योजना होती.

उगमाचा विचार केला तर हंगेरीची बाजू भक्कम ठरते, आणि आख्यायिकेच्या आधाराने ती ढळत नाही. परंतु फ्रिउलीच्या शेतकऱ्याचा खरा आधार आख्यायिका नव्हताच. तो होता दीर्घ वापर. भाषेत वापर हाच शब्दाचा अधिकार मानला जातो; बाजारपेठेच्या कायद्यात तसे नाही. फ्रिउलीच्या गुत्त्यांत पांढऱ्या मद्याचा लहान पेला मागताना आजही 'तायूत' एवढेच म्हटले जाते. द्राक्षजातीचे नाव त्यात पूर्वीही नव्हते. म्हणून कोणत्याही निवाड्याचा त्या शब्दावर परिणाम झालेला नाही.