गारद्याचे इमान

'गारदी' हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ ची ती दुपार, उपसलेल्या तलवारी घेऊन वाड्यात घुसलेले गारदी आणि जीव वाचवण्यासाठी चुलत्याकडे धावणारा अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा. 'काका, मला वाचवा' ही हाक आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की, गारदी म्हणजे मारेकरी असेच आपल्या मनाने धरून ठेवले आहे.

पण त्या दुपारच्या साडेबारा वर्षे आधी एका गारद्याने पेशव्यांसाठी आपला जीव दिला होता. त्याचे नाव इब्राहिमखान. पानिपतच्या हकिकतीत तो येतो, लढतो आणि पडतो. मग आपले लक्ष भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी यांच्याकडे जाते. आज मात्र थोडा वेळ त्याच्यापाशी थांबू या.

गारदी ही जात नव्हे आणि धर्मही नव्हे. पहारा या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून आपल्याकडे 'गारद' आला आणि त्यावरून गारदी. कवायत शिकलेला, बंदूक चालवणारा पायदळाचा शिपाई म्हणजे गारदी. नारायणरावाच्या खुनात पुढे असलेल्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता आणि महंमद युसूफही होता. ज्याला ही कवायत येई आणि ज्याला पगार मिळे, तो गारदी.

ही विद्या दक्षिणेत रुजवली ती फ्रेंच सेनापती बुसी याने. १७५१ ते १७५८ या काळात तो हैदराबादच्या निजामाच्या दरबारी होता. रांगेत उभे राहायचे, हुकूम होताच एकदम बार काढायचा, पुन्हा बंदूक भरायची आणि समोर घोडदळ चालून आले तरी जागा सोडायची नाही, ही ती शिस्त. इब्राहिमखान याच मुशीतून तयार झाला. निजामाची चाकरी सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्याला आपल्याकडे घेतले.

हा निर्णय सोपा नव्हता. १७५९ मध्येच मुजफ्फरखान नावाच्या दुसऱ्या एका गारदी सरदाराच्या कटातून खुद्द भाऊंवर हल्ला झाला होता आणि त्याबद्दल मुजफ्फरखानाला देहदंड मिळाला होता. एका गारद्याने दगा दिला असताना भाऊंनी दुसऱ्यावर विश्वास टाकला. तो सार्थ ठरला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला, ज्या निजामाचे अन्न पूर्वी खाल्ले त्याच्याच फौजेवर इब्राहिमखानाच्या तोफा चालल्या. मराठ्यांना सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले. उत्तरेत ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याची गढी घेतली, तेव्हाही त्याचे पायदळ आणि तोफा पुढे होत्या.

तरीही आपल्या सरदारांना तो परकाच वाटत राहिला. यात धर्मापेक्षा लढण्याच्या रीतीचा भाग मोठा होता. मराठी घोडेस्वाराचे बळ त्याच्या वेगात. शत्रू भारी दिसला की पांगायचे, रसद तोडायची, संधी मिळताच पुन्हा झडप घालायची. मल्हारराव होळकरांसारख्या मुरब्बी सरदाराचे सारे आयुष्य या गनिमी काव्यात गेलेले. अवजड तोफा आणि बायकामुले मागे ठेवा, असा सल्ला भाऊंना मिळाला होता, तो याच अनुभवातून. गारद्याचे सगळे उलटे. त्याला पळता येत नाही, कारण पायी चालणाऱ्याला घोडेस्वार सहज गाठतो. त्याने उभेच राहायचे. आणि उभे राहायचे तर दोन गोष्टींचा भरवसा हवा. बाजूची माणसे जागा सोडणार नाहीत हा एक. आणि महिना भरला की पगार हातात पडेल हा दुसरा.

या दुसऱ्या गोष्टीवरून खटके उडत. शिलेदाराला सरंजाम असे, लुटीत वाटा असे. गारद्याला रोख पगाराशिवाय आधार नव्हता. इब्राहिमखान तो वेळेवर मागे आणि भाऊंना त्याची कटकट होई. पैसा होता कुठे? दिल्लीत दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्याची पाळी भाऊंवर आली होती. पुढे पानिपतच्या वेढ्यात दोन-अडीच महिने गेले. रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली आणि कापली गेली. जनावरे मेली, माणसे उपाशी राहिली.

शेवटी ठरले, उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढायची. बायकामुले आणि बुणगे मध्ये घेऊन, भोवती फौजेचा गोल करून दिल्लीकडे सरकायचे. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडली. त्या सकाळचा एक प्रसंग काशिराजाने लिहून ठेवला आहे. काशिराज हा दक्षिणी ब्राह्मण, पण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे समोरच्या गोटात. तो सांगतो की, इब्राहिमखान भाऊंपुढे आला आणि त्याने मुजरा केला. माझ्या माणसांच्या पगाराचा मी हट्ट धरतो म्हणून आपण नेहमी रागावलात, असे तो म्हणाला. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हाला काही मिळाले नाही. पण ते असो, आज मी माझे काम करतो. इतके बोलून तो आपल्या पलटणींकडे गेला.

डाव्या बगलेवर त्याच्या नऊ पलटणी होत्या. बाजूने येणाऱ्या हल्ल्याला तोंड देण्यासाठी त्याने दोन वेगळ्या काढल्या आणि सात घेऊन समोरच्या रोहिल्यांवर चालून गेला. कित्येक तास घनघोर लढाई झाली. काशिराज रोहिल्यांचा तोटा आठ-नऊ हजारांचा देतो. आकड्यात अतिशयोक्ती असली तरी दुपारपर्यंत त्या बाजूला मराठ्यांची सरशी होती, यात शंका नाही. मात्र शेजारची घोडदळाची पथके शत्रू डळमळलेला पाहून पुढे धावली. गोल फुटला आणि तोफांपुढे आपलीच माणसे आली. घोडेस्वाराला संधी साधायची सवय. थांबण्याची शिस्त एका दिवसात अंगी येत नाही. अब्दालीने ताज्या दमाच्या तुकड्या पुढे आणल्या. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. इब्राहिमखानाच्या नऊपैकी सहा पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या. भाल्यांच्या जखमा आणि बंदुकीची गोळी अंगावर घेऊन तो पकडला गेला.

शुजाउद्दौल्याने त्याला आपल्या गोटात ठेवले आणि वाचवण्याची खटपट केली. पण बातमी फुटली आणि अब्दालीच्या माणसांनी त्याला मागून घेतले. त्यांच्या ताब्यात त्याचे हाल झाले आणि काही दिवसांतच त्याचा अंत झाला. अब्दालीपुढे त्याने दिलेली बाणेदार उत्तरे पुढच्या लेखकांनी रंगवून सांगितली आहेत. मला त्यांची गरज वाटत नाही. त्याचे उत्तर सकाळीच मैदानावर देऊन झाले होते.

ही लढाई दोन धर्मांची होती असे सांगणारे तेव्हाही होते, नजीबखान त्यांत पुढे होता. पण मैदानावरची माणसे पाहा. पेशव्यांच्या बाजूने इब्राहिमखान आणि त्याचे गारदी लढले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन जाटांच्या मुलखात मरण पावला. आणि अब्दालीच्या बाजूला, शुजाच्या फौजेत, अनुपगिर गोसाव्याचे नागे साधू शस्त्र घेऊन उभे होते. शिपाई कोणासाठी लढतो, हे तेव्हा ज्याचे मीठ खाल्ले त्यावर ठरत असे.

पानिपतातून पायाला कायमची जखम घेऊन एक तरुण वाचला, महादजी शिंदे. पुढे १७८४ पासून त्याने द बॉइन या फिरंग्याकडून कवायती कंपू उभे करवले आणि त्यांच्या पगारासाठी मुलूख तोडून दिला. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच कंपूंनी जिंकल्या. इब्राहिमखान ज्यासाठी भांडत होता ते महादजीने मान्य केले होते.

पुण्यात मात्र तसे झाले नाही. १७७३ मध्ये गारदी वाड्यात शिरले, ते थकलेल्या पगाराचे निमित्त करून. त्या खुनाला क्षमा नाही. रामशास्त्र्यांनीही ती केली नाही. पण पगार थकल्यावर माणूस काय करतो, याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. एकाने तलवार आपल्या धन्यावरच उगारली. दुसऱ्याने मुजरा केला, तक्रार नोंदवली आणि तो कामाला गेला. पहिला आपल्याला तोंडपाठ आहे. 'गारदी' म्हणताना या दुसऱ्याचीही आठवण ठेवायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)