दंडाचें लुगडें

१९४३ सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण बसविलें. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हां पश्चिम खानदेशांत होता. तो वेगळा झाला १९९८ सालीं. कापसाच्या ह्या मुलखासही कापडाची टंचाई चुकली नाहीं.

लुगड्याच्या किनारीस सुई लागत नाहीं. बाणा परतून विणला गेल्यानें ती आपोआप बंद असते. कात्री लागली कीं मात्र सूत सुटूं लागतें. म्हणून विरलेला मधला भाग काढून उरलेले तुकडे जोडतांना कापलेल्या कडा आंत दुमडून शिवीत, हाच दंड. लोकांनीं त्यास दारिद्र्याची खूण मानिलें. आम्हांस तो गृहिणींच्या काटकसरीचा दाखला वाटतो. अशीं लुगडीं अखेर गोधडींत जात. जुनी गोधडी टाकण्यापूर्वीं तींतील दंड अवश्य पाहावा.